हिवरखेडची पॅसेंजर आणि तेल्हारेकरांचे कर्तव्य

तेल्हाऱ्यास आगगाडी नाही ही गोष्ट इतकी जुनी झाली आहे की तिच्याविषयी कोणी तक्रार केली तर ऐकणारास नवल वाटते. मनुष्य ज्या गैरसोयीत जन्मतो ती त्यास सृष्टिनियमासारखी भासू लागते. आमच्या तालुक्याचे तसेच झाले आहे. वाचकांनी एकवार अकोला जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घ्यावा. दक्षिणेस पूर्णा नदी ओलांडली म्हणजे मुंबई–नागपूर हा थोरला लोहमार्ग लागतो व त्यावर शेगाव आणि अकोला ही स्टेशने आहेत. पूर्वेकडून अकोला–खंडवा मार्ग अकोटावरून वर चढतो, अडगाव व हिवरखेड ही गावे घेतो आणि सातपुड्यात शिरतो. या दोन मार्गांच्या बेचक्यात तेल्हारा बसलेला आहे. दोन्हीकडे शिट्टी ऐकू येण्याइतके जवळ काही नाही आणि कोणतीही आशा सोडून द्यावी इतके लांबही काही नाही. शेगाव चाळीसेक किलोमीटर पडते; हिवरखेड त्याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु शेगावास गाड्या आहेत आणि हिवरखेडची गाडी 2017 साली मीटरगेज रूळ बदलण्याच्या निमित्ताने बंद पडली. आजच्या लेखाचा विषय ही बंद पडलेली गाडी होय. आणि तिच्यासंबंधी सरकारास जितके सांगावयाचे आहे, तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, आम्हांस आमच्या गावच्या व्यापारी व सुशिक्षित मंडळींस सांगावयाचे आहे.

थोरला लोहमार्ग पूर्णेच्या दक्षिणेने का गेला, हे जाणणे आजही निरुपयोगी नाही. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. 1861 पासून 1865 पर्यंत अमेरिकेत यादवी चालली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर विलायतेची दृष्टी खिळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रूळ 1867 साली नागपुरास पोहोचला व 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत फाटा निघाला. हा सर्व उद्योग कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरास लवकर पोहोचाव्यात यासाठी होता. वऱ्हाडची माणसे एकमेकांस भेटावीत, हा हेतू त्यात दुय्यमही नव्हता. उतारू हा त्या हिशेबात गाठीच्या मागून आलेला जिन्नस होय. पूर्णेच्या उत्तरेकडील अकोट-तेल्हाऱ्याचा कापूस बैलगाड्यांनी नदी उतरून स्टेशनास येत असे. तो येतच होता, मग त्याच्यासाठी नदीवर पूल बांधून रूळ नेण्याची गरज कंपनीस काय म्हणून वाटावी? पावसाळ्यात पूर्णेस पूर आला आणि खारपाणपट्ट्यातील चिकणमातीत चाके रुतली म्हणजे अलीकडचा मुलूख तुटून पडे. हे तुटणे आमच्या वाट्यास त्या आखणीने आले; ते कोण्या ग्रहदशेचे फळ नव्हे.

पुढे स्वराज्यात, 1960 च्या सुमारास, हे तुटलेपण काहीसे सांधले गेले. पूर्णा जंक्शनकडून आलेला मीटरगेज रूळ 1912 पासून हिंगोलीस थांबून होता. तो वाशीम, अकोला, अकोट असा खंडव्यापर्यंत नेण्यात आला आणि राजपुतान्याकडील मीटरगेज जाळे हैदराबादकडील जाळ्यास जोडले गेले. या मार्गावर धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस पुष्कळांच्या स्मरणात आहे व तिचे नाव निघाले की जुनी मंडळी हळवी होतात. आम्ही त्या हळवेपणात फारसे सामील होऊ इच्छीत नाही. मीनाक्षी ही लांबच्या लोकांची गाडी. जयपूरचा प्रवासी काचीगुड्यास जाताना हिवरखेड पाहत असेल तर ते झोपेतच. आमच्या तालुक्याचे जे काही खरे हित झाले ते अकोल्याहून निघून प्रत्येक लहान स्टेशनावर श्वास घेत जाणाऱ्या पॅसेंजरने केले.

त्या पॅसेंजरमध्ये कोण बसत असे? पानमळेवाले आपल्या पानांच्या करंड्या घेऊन बसत. पानपिंपळीची पोती, केळीचे घड, संत्र्यांच्या पाट्या यांस जागा होई. अकोल्याच्या कॉलेजात शिकणारी मुले, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, दवाखान्यात न्यावयाची बाळंतीण, ओंकारेश्वरास निघालेली म्हातारी मंडळी, आणि डाबका-धुळघाटकडून मजुरीस उतरणारे किंवा मजुरी संपवून वर परतणारे कोरकू लोक. या सर्वांस एकाच बाकावर बसविणारे दुसरे वाहन आमच्या पाहण्यात नाही. जातीभेद मोडावे म्हणून सभा भरवून जे साधत नाही, ते तिसऱ्या वर्गाच्या डब्याने पुष्कळ वेळा साधले आहे. कारण डब्यात जागा अपुरी असते आणि उभे राहून राहून पाय दुखतात. धुळघाटाजवळ गाडी डोंगरास वळसा घालून आपल्याच रुळावरून पलीकडे जाई. खालचा रूळ वरच्या डब्यांतून दिसे, तो पाहण्यासाठी मुले खिडकीवर गर्दी करीत, आणि कोणाचे मूल कोणाच्या मांडीवर आहे याचा हिशेब त्या पाच मिनिटांत कोणी ठेवीत नसे.

हा मार्ग रुंद करण्याचे ठरले, ते योग्यच झाले. 1000 मिलिमीटरच्या मीटरगेजवरचा डबा 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर चालत नाही. त्यामुळे अकोल्यास उतारूंनी गाठोडी उचलून दुसऱ्या फलाटावर धावावयाचे आणि मालाची तर सगळीच उतर-चढ करावयाची, हा त्रास वर्षानुवर्षे चालला. अकोला–पूर्णा भाग 2008 साली रुंद झाला. त्याच सुमारास रतलाम–महू–खंडवा–अकोला या सुमारे 473 किलोमीटरच्या मार्गाचे रुंदीकरण मंजूर झाले. तथापि अकोटापुढे हा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो, आणि येथेच सगळे घोडे पेंड खाऊ लागले.

या वादात आमच्या भागात जो एक वाक्प्रचार रूढ झाला आहे, त्याचा आम्हांस मनापासून वीट आला आहे. तो असा, की ‘वाघ पाहिजे की माणूस?’ हा प्रश्न ज्याने प्रथम विचारला त्याने नकाशा पाहिला नसावा. मेळघाट हा 1973–74 साली देशात ठरविलेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. दिवसास दोन-चार मीटरगेज गाड्या रडतखडत जात होत्या ती गोष्ट निराळी, आणि ब्रॉडगेजवरून रात्रंदिवस मालगाड्या व वेगवान गाड्या सोडणे निराळे. जंगलाचे असे दोन तुकडे झाल्यावर वाघासच नव्हे, तर त्या जंगलातून येणाऱ्या पाण्यासही त्याची झळ लागणार. वान नदी सातपुड्यातून उतरते आणि आमच्या तालुक्याची तहान तिच्यावरील धरण भागविते, हे वारीकडे जाणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. ज्या जंगलाचे पाणी आपण पितो, त्याच्या नावाने बोटे मोडणे शहाणपणाचे नव्हे.

आणि दुसरा मार्ग नाही, असेही नाही. अकोट, अडगाव, हिवरखेड, तेथून सोनाळा, जामोद, खकनार असा जंगलास बाजूस ठेवून तुकईथडकडे जाणारा पर्यायी मार्ग सुचविला गेला. वन्यजीवांचा अभ्यास करणारांनी तो उचलून धरला, नागपूरच्या उच्च न्यायालयात प्रकरण गेले आणि 2021 साली तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांस पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पातून रूळ नेऊ नये अशी विनंती केली. हा मार्ग जुन्यापेक्षा सुमारे तीस किलोमीटरने लांब पडतो. लांबी वाढते म्हणजे खर्च वाढतो, हे उघड आहे. परंतु ज्या संग्रामपूर-जळगाव जामोद भागाने आजवर रुळाचे तोंड पाहिले नाही, तो भाग या तीस किलोमीटरांमुळे मार्गावर येतो. जंगलात स्टेशन बांधून वाघ तिकीट काढणार नाही. सोनाळ्याचा व जामोदचा शेतकरी काढील.

मात्र या पर्यायाचे गोडवे गाताना दोन माणसांस विसरून चालणार नाही. ज्याच्या काळ्या रानातून नवा रूळ जाईल तो शेतकरी हा त्यांतील पहिला. त्याची जमीन घ्यावयाची तर मोबदला आधी हातात पडावा व मोजणी मागाहून नव्हे तर डोळ्यांदेखत व्हावी. कालवे, धरणे, रस्ते यांसाठी जमीन देऊन कचेरीच्या पायऱ्या झिजविणारे पुष्कळ लोक वऱ्हाडात आहेत. त्यांत भर नको. दुसरा, धुळघाट-डाबक्याचा कोरकू. जंगलातून रूळ गेला नाही म्हणजे त्याची गाडी कायमची गेली. त्याच्या घरी आजारी पडले तर अकोटाचा दवाखाना, मजुरी पाहिजे तर अकोट-तेल्हाऱ्याचे शेत. वाघासाठी व आमच्यासाठी जी सोय व्हावयाची, तिची किंमत एकट्या कोरकूने भरावी हा न्याय नव्हे. जुन्या स्टेशनांच्या गावांपासून अकोटापर्यंत रोज नेमाने जाणारी-येणारी एस. टी. आणि रुग्णवाहिका, हा पर्यायी मार्गाच्या खर्चाचाच भाग समजला गेला पाहिजे. रेल्वेचे खाते म्हणेल, हे आमचे काम नव्हे. राज्य सरकार म्हणेल, रूळ त्यांनी काढला. ही टोलवाटोलवी आम्हांस पाठ आहे.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. वाद जो आहे तो हिवरखेडच्या पलीकडचा आहे. अकोट ते हिवरखेड हा भाग सपाटीचा असून, जुना मार्ग घ्या अथवा नवा घ्या, दोहोंतही तो समाईकच आहे. मग पुढच्या जंगलाचा निकाल काहीही लागो, या भागाची पॅसेंजर त्या निकालाची वाट पाहत का बसावी? एका घरातील थोरल्या भावाचे लग्न ठरत नाही म्हणून धाकट्याचे जेवण बंद ठेवण्यातलाच हा प्रकार आहे. अकोटापुढील रूळ प्रथम हिवरखेडपर्यंत न्यावा आणि अकोल्याची पॅसेंजर तेथवर सोडावी, एवढी साधी मागणी आम्ही करतो. महाद्वार उघडेपर्यंत दिंडीदरवाज्यानेही कोणास आत घ्यावयाचे नाही, हा हट्ट कशासाठी?

अकोटाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. अकोला–अकोट हा सुमारे 44 किलोमीटरचा भाग रुंद होऊन सिद्ध झाला, तरी त्यावर उतारूंची गाडी मात्र धावेना. मग 2022 च्या ऑक्टोबरात अकोला–अकोट रस्त्यावरील गांधीग्रामच्या जुन्या पुलास तडा गेला व वाहतूक बंद करावी लागली. पूर्णेच्या उत्तरेकडील लोकांवर लांबच्या वळशाने अकोला गाठण्याची पाळी आली. दूधवाले, विद्यार्थी, रोगी, नोकरदार, सगळ्यांचाच खोळंबा झाला आणि सर्वत्र हाकाटी उठली. तेव्हा कोठे नोव्हेंबर 2022 मध्ये, म्हणजे महिन्याभराच्या आत-बाहेर, पॅसेंजर सुरू झाली! जी गाडी महिन्याभरात सुरू होऊ शकते ती त्याआधी का होऊ शकली नाही, याचे उत्तर अधिकारीवर्गाने द्यावे अशी आमची अपेक्षा आहे. मात्र तितकेच खरे हे की, पूल तडकेपर्यंत आम्हीही हाकाटी केली नव्हती. पूर्णेने दीडशे वर्षांपूर्वी जसे तोडले तसेच 2022 साली तोडले, आणि तेव्हाच आम्हांस रुळाची आठवण झाली.

दुसरी अडचण कारभाराची. मुंबई–नागपूर मार्ग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे. अकोला–अकोट व पूर्णेकडचा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाकडे. खंडव्यापुढे महूकडचा पश्चिम रेल्वेकडे. एका अकोला स्टेशनात दोन रेल्वेंचे संसार. दोन घरचा पाहुणा उपाशी, या न्यायाने अकोटाकडून येणारा उतारू अकोल्यास पोहोचतो तेव्हा मुंबईची गाडी नुकतीच निघून गेलेली असणे किंवा चार तासांनी यावयाची असणे यात कोणत्याच विभागाचा अपराध ठरत नाही. सिकंदराबादेस बसणाऱ्या अधिकाऱ्यास अकोटाची शाखा म्हणजे नकाशाच्या वरच्या कडेचे एक शेपूट; भुसावळच्या अधिकाऱ्याच्या नकाशात तर ती नाहीच. वेळापत्रक जुळविण्यास एक पैसाही खर्च होत नाही, फक्त दोन कचेऱ्यांनी एकमेकींस पत्र लिहावे लागते. आमच्या मते हीच गोष्ट त्यांना सर्वांत महाग पडत असावी.

भाड्याचा प्रश्नही गरिबाच्या दृष्टीने लहान नव्हे. 2020 च्या साथीत पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ‘विशेष’ या नावाखाली एक्सप्रेसचे भाडे लागू झाले आणि किमान तिकीट 10 रुपयांऐवजी 30 रुपयांचे झाले. गाडी तीच, बाक तेच, थांबे तेच. विशेष काय ते भाडे! 2024 च्या फेब्रुवारीत ते पूर्ववत झाले. अकोल्यास रोज मजुरीस जाणाऱ्या माणसास दोन फेऱ्यांमागे पडणारा हा फरक महिन्याकाठी घरातील तेल-मिठाएवढा होतो. कोणी म्हणेल, 2023 पासून स्त्रियांस एस. टी. त निम्मे भाडे आहे, मग गाडी कशास हवी? ही सवलत चांगलीच आहे. परंतु पाटी-करंडी घेऊन भाजी विकावयास निघालेल्या बाईस एस. टी. च्या दारात जो शब्द ऐकावा लागतो तो निम्म्या भाड्यात मिळत नाही, पुरा मिळतो. ओझेवाल्याचे वाहन ते गाडीच.

आता आमच्या वाचकांस. आगगाडीची मागणी करणारे जे अर्ज आजवर गेले असतील, त्यांत व्यापाऱ्यांच्या सह्या किती आणि आकडे किती? सह्या सापडतील, आकडे सापडणार नाहीत. तेल्हारा-हिवरखेड भागातून केळी, संत्री, कापूस, पानपिंपळी किती बाहेर जाते, किती ट्रक भरतात, अकोल्यास रोज किती विद्यार्थी व किती रोगी जातात, याची मोजणी बाजार समितीस, अडत्यांस व शाळांस सहज करता येण्याजोगी आहे. रेल्वेखाते भावनेस उत्तर देत नाही, टनास व तिकिटास देते. ज्या गावाच्या वतीने आकडे बोलतात त्याचा अर्ज फायलीत वर येतो. आमच्या दुकानांतील वह्या एरवी पैपैचा हिशेब सांगतात. या कामी त्या मुक्या का?

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. तेल्हारा म्हणतो गाडी आमच्यासाठी, हिवरखेड म्हणते आमच्यासाठी, अडगाव म्हणते थांबा आम्हांस अधिक मिनिटांचा. शिष्टमंडळे वेगळी, निवेदने वेगळी, छायाचित्रेही वेगळी. रेल्वेच्या अधिकाऱ्यास याहून सोयीचे काही नाही, कारण तीन गावांस तीन आश्वासने दिली की त्याचे काम भागते. तेल्हाऱ्याने हे मनाशी निश्चित करावे की आपल्या गावात रूळ येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हिवरखेडचे स्टेशन हेच आपले स्टेशन मानणे अधिक फायद्याचे. ते हिवरखेडचे आहे म्हणून परके नव्हे.

तिसरी गोष्ट तिकिटाची. लहान गाड्यांत तिकीट काढणे हे आमच्याकडे दुबळेपणाचे लक्षण मानले जाते. चांगल्या घरचे, घड्याळ बांधलेले तरुण दोन स्टेशनांपुरते फुकट बसतात आणि ते मित्रांत हसत सांगतात. पुढे गाडीस उत्पन्न नाही म्हणून फेरी कमी झाली की हेच तरुण मोर्च्यात पुढे असतात. शेजारच्या मूर्तिजापूर–यवतमाळ–अचलपूर या अरुंद रुळावरच्या शकुंतलेची कथा सर्वांस ठाऊक आहे. 1903 साली यवतमाळची व 1913 साली अचलपूरची शाखा सुरू झाली, शंभर वर्षे तिने गोरगरिबांस वाहिले, आणि अखेरीस ती थांबली तेव्हा तिच्यासाठी हळहळणारांपैकी कितीकांनी तिचे तिकीट काढले होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. शकुंतलेच्या मरणास इतरही पुष्कळ कारणे होती, ही गोष्ट खरी. कंपनीचा करार, जुने रूळ, सरकारची अनास्था, सगळे होते. परंतु गाडीचे पोट तिकिटानेच भरते, आणि उपाशी गाडीच्या बाजूने भांडणे कोणासही जड जाते.

राहता राहिली तेल्हाऱ्याहून हिवरखेडास व अकोटास जाण्याची गोष्ट. तेल्हाऱ्यात एस. टी. चे आगार आहे. अकोटाच्या गाडीच्या वेळेस धरून निघणारी बस, सकाळी एक व संध्याकाळी परतीची एक, ही मागणी हिवरखेडपर्यंत रूळ येण्याची वाट न पाहता आजच करता येईल. गाडीस उशीर झाला तर बसने अर्धा तास थांबावे, असा हुकूम आगारात लेखी असावा. तोंडी हुकूम पहिल्याच पावसात वाहून जातो. नगरपरिषदेने बस स्थानकावर गाड्यांच्या वेळांचा एक मोठा फलक मराठीत लावावा आणि वेळ बदलली की त्याच दिवशी तो पुसून नवा लिहावा. व्यापारी मंडळींनी पुढील हंगामापूर्वी बाजार समितीत एक बैठक घ्यावी, तीत हिवरखेड, अडगाव व सोनाळ्याच्या मंडळींस बोलवावे, आणि धुळघाटच्या दोन कोरकू गृहस्थांस मागील बाकावर नव्हे, पुढील खुर्चीवर बसवावे. त्या बैठकीत आकड्यांचा जो तक्ता तयार होईल तो नांदेड व भुसावळ या दोन्ही विभागांस एकाच दिवशी, एकाच मजकुराने पाठवावा. तो तक्ता आम्ही या पानावर जसाच्या तसा छापू.